डांग्या खोकला, अडुळसा आणि पत्रातला एक कंस

डॉक्टरकाकू, नमस्कार. आम्ही ऐरोलीत राहतो. मुलगी सात वर्षांची, दुसरीत आहे. चार आठवड्यांपूर्वी साधी सर्दी झाली, मग रात्री खोकल्याच्या उबळी सुरू झाल्या. खोकून खोकून उलटी होते, डोळे लाल होतात. पहिल्या डॉक्टरांनी अ‍ॅलर्जी म्हणून सिरप दिलं. दुसऱ्यांनी नाकातला स्वॉब तपासून डांग्या खोकला सांगितला. पाच दिवसांचं अ‍ॅझिथ्रोमायसिन संपून आठवडा झाला, तरी खोकला तसाच. सासूबाई दोन वेळा अडुळशाचा काढा देतात, रात्री मधातून सितोपलादी चूर्ण चाटवतात आणि बेहडा तोंडात धरायला लावतात. ‘आमच्या जुन्नरला मुलं याच्यावरच बरी झाली,’ असं म्हणतात. नवरा याला थोतांड म्हणतो आणि दोघांचं रोज वाजतं. (सासूबाईंनाही दोनेक आठवडे थोडी ढास आहे, पण बीपीच्या गोळ्या सोडल्या तर त्या ठणठणीत आहेत, ज्येष्ठमध चघळून भागवतात.) वनौषधींनी डांग्या खोकला बरा होतो याला काही पुरावा आहे का? पाचव्या वर्षीचा लसीचा डोस घर बदलण्याच्या गडबडीत राहून गेला, हे आता रोज टोचतंय. पुढच्या रविवारी धाकटी जाऊ दोन महिन्यांच्या बाळाला घेऊन माहेरून येते आहे. सासूबाईंनी बाळगुटीची सहाण घासूनपुसून ठेवली आहे.
एक आई, ऐरोली

प्रिय ऐरोलीकर आई,

तुमचं पत्र वाचताना मी दोनदा थांबले. आधी कंसापाशी, मग सहाणेपाशी. प्रश्न तुम्ही पुराव्याचा विचारलाय आणि त्याचं उत्तर देतेच. पण हे वाचून होण्याआधी उठून जाऊबाईंना फोन करा आणि रविवारचं येणं पुढे ढकलायला सांगा. कारण विचारलं तर मुलीचं नाव घेऊ नका. योग्य अँटिबायोटिकचे पाच दिवस पूर्ण झाले की डांग्या खोकल्याचा रुग्ण दुसऱ्यांना आजार देत नाही. त्यामुळे तुमची लेक कितीही खोकत असली तरी तिच्यापासून बाळाला आता भीती नाही. भीती कंसातल्या खोकल्याची आहे.

घरात डांग्या खोकल्याचा रुग्ण, त्याला मांडीवर घेऊन काढा पाजणारी आजी, आणि त्या आजीला दोन आठवड्यांची ढास. या तीन गोष्टी एकत्र आल्यावर ‘वयाचा खोकला’ म्हणून सोडून देता येत नाही. मोठ्या माणसांत हा आजार बहुतेकदा ओळखूच येत नाही. श्वास ओढतानाचा तो लांब ‘हूऽऽप’ नसतो, ताप नसतो, माणूस बाजारात जातो, देवपूजा करतो, फक्त ढास महिनाभर हटत नाही. लहानपणी होऊन गेलाय किंवा लस घेतली होती म्हणून आयुष्यभराची सुटका होते असंही नाही. दोन्हींचं संरक्षण काही वर्षांत विरत जातं. आणि ज्यांना अजून संरक्षण नाही अशा घरच्यांमध्ये हा आजार इतका पसरतो की दहांतल्या आठ-नऊ जणांना होऊ शकतो.

निवासी डॉक्टर असतानाची एक रात्र सांगते. सात आठवड्यांचं बाळ होतं. ‘दूध ओढत नाही’ एवढीच तक्रार. खोकला नाही, ताप नाही. मी केसपेपर लिहीत होते आणि सिस्टर बाळाचं लंगोट बदलत होत्या. त्या एकदम म्हणाल्या, ‘डॉक्टर, ओठ बघा.’ जांभळे पडले होते. बाळ श्वासच घेत नव्हतं. तळव्यावर टिचकी मारली तसं दचकून रडलं आणि रंग परत आला. वीस मिनिटांनी पुन्हा तेच. रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा आकडा मी दोनदा मोजायला लावला, इतका वर गेला होता. पाळण्याशेजारी आजी पदर तोंडाला लावून खोकत होती, हे माझ्या लक्षात दुसऱ्या दिवशी आलं. लाज वाटते सांगताना, पण तसंच झालं. डांग्या खोकलाच होता तो. ते बाळ वाचलं, अकरा दिवस ऑक्सिजनवर काढून घरी गेलं. तेव्हापासून तान्ह्या बाळाच्या आईला ‘घरात कोण खोकतंय?’ हे मी पहिल्यांदा विचारायला लागले.

आता नवरा आणि सासूबाई यांचं भांडण. दोघंही थोडे बरोबर आहेत आणि दोघंही भलत्याच कारणासाठी.

सासूबाईंचा पुरावा म्हणजे ‘मुलं बरी झाली’. अशाच पुराव्यावर मी वाढले. ठाण्यात नौपाड्यातल्या चाळीत माझ्या धाकट्या भावाला डांग्या खोकला झाला तेव्हा तो पाच वर्षांचा होता. नागपंचमीला सर्दी लागली. गणपतीत उबळी अगदी भरात, आरतीत सगळे थांबायचे इतका खोकायचा. काढे झाले, लसणाची माळ गळ्यात झाली, बेहडा झाला. नवरात्रात एक बाई गल्लीतून गाढवीण हाकत यायची, ‘गाढविणीचं दूध घ्याऽऽ’ म्हणत. आजीनं वाटी पुढे केली, बाईनं तिथल्या तिथे धार काढली आणि भावानं नाक दाबून ते कोमट दूध प्यायलं. दिवाळीच्या फराळाला तो बरा होता. पुढची तीस वर्षं आमच्या घरी डांग्या खोकल्याचं औषध म्हणजे गाढविणीचं दूध.

नागपंचमी ते दिवाळी मोजून बघा, बारा आठवडे होतात. पहिले एक-दोन आठवडे सर्दीचे, मग महिना-दीड महिना, कधी दोन महिनेसुद्धा उबळींचे, मग हळूहळू उतार. चिनी आणि जपानी भाषांत या आजाराचं नावच ‘शंभर दिवसांचा खोकला’ आहे. जो आजार आपल्या पावलांनी येऊन आपल्या पावलांनी जातो, त्यात शेवटी जे दिलं त्याला यश मिळतं. माळ गणपतीत घातली म्हणून ती हरली, दूध नवरात्रात दिलं म्हणून जिंकलं. गाढविणीनं काही केलं नाही, ती फक्त वेळेवर आली.

मग अँटिबायोटिकनं तरी खोकला का गेला नाही? इथे आजाराची चाल समजून घ्या, म्हणजे काढ्याचंही उत्तर निम्मं मिळेल. बोर्डेटेला पर्टुसिस नावाचा जंतू हे सगळं करतो. ब्रुसेल्समध्ये बोर्डे आणि झांगू यांनी तो 1906 साली वाढवून दाखवला. श्वासनलिकेच्या आतून बारीक केसांचं अस्तर असतं, ते सतत हलून कफ वर लोटत असतं. हा जंतू नेमका त्या केसांना चिकटतो आणि आपल्या विषानं ते अस्तर मारतो. म्हणजे चोर घरात शिरला, आणि जाताना सगळ्या केरसुण्या जाळून गेला. लेक ‘हूप’ करायला लागते तोवर चोर बराचसा निघून गेलेला असतो. अँटिबायोटिक उरलेल्याला बाहेर काढतं, त्यानं शेजाऱ्यांचं रक्षण होतं, पण जळलेल्या केरसुण्या परत येत नाहीत. त्या उगवायला आठवडे लागतात आणि तोवर घर झाडायचा एकच मार्ग उरतो, खोकणं. हेच औषध सर्दीच्या पहिल्या दिवसांत पडलं असतं तर आजार थोडा सौम्य झाला असता. पण त्या दिवसांत हा डांग्या आहे हे डॉक्टरलाही कळत नाही, त्यामुळे पहिल्या डॉक्टरांवर फार रागावू नका. (मी अ‍ॅलर्जी म्हणून घरी पाठवलेली मुलं मला आठवतात.)

आता मूळ प्रश्न, पुरावा. पुरावा म्हणजे काय याचं याच आजारातलं एक सुंदर उदाहरण आहे. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात ग्रँड रॅपिड्स नावाच्या शहरात पर्ल केन्ड्रिक आणि ग्रेस एल्डरिंग या दोघी 1930 च्या दशकात दिवसभर प्रयोगशाळेत काम करायच्या आणि संध्याकाळी घरोघर जाऊन आजारी मुलांना काचेच्या बशीवर खोकायला लावायच्या, जंतू गोळा करायला. त्यातून लस बनली. पण लस टोचली आणि मुलं ठीक राहिली एवढ्यावर त्यांनी समाधान मानलं नाही. लस घेतलेली 712 मुलं आणि न घेतलेली 880 मुलं, दोन्हींवर सारखीच नजर ठेवली. पहिल्या गटात चौघांना डांग्या खोकला झाला, दुसऱ्यात पंचेचाळीस जणांना. शेजारी दुसरा गट ठेवला म्हणून तो आकडा बोलतो. माझ्या आजीकडे एकच भाऊ होता, गाढविणीचं दूध न प्यायलेला दुसरा भाऊ नव्हता.

या मापानं मोजलं तर नवऱ्याला पटणारी मेडिकलमधली खोकल्याची बाटलीही पास होत नाही, हे त्यांना मुद्दाम सांगा. डांग्या खोकल्यातल्या उबळी कमी करायला दिल्या जाणाऱ्या आधुनिक औषधांचा कॉक्रेन या संस्थेनं 2014 साली आढावा घेतला. अ‍ॅलर्जीचं औषध, दम्याचं साल्बुटामॉल, स्टेरॉइड, शिवाय अँटिबॉडीची इंजेक्शनं, असे 12 प्रयोग आणि सगळे मिळून 578 रुग्ण. एकाही औषधाच्या बाजूनं खात्रीनं बोलता येईल असं काही निघालं नाही. ‘इंग्लिश औषध’ म्हटलं की ते सिद्ध झालेलंच असणार, हा नवऱ्यांचा लाडका समज आहे.

आणि गंमत पुढे आहे. बाटलीवरच्या बारीक अक्षरांत ब्रोमहेक्झिन लिहिलंय का ते त्यांनाच वाचायला लावा. कफ पातळ करणारं हे औषध अडुळशातल्या व्हॅसिसीन या द्रव्यावरून बेतलेलं आहे. आज सर्रास लिहून दिलं जाणारं अ‍ॅम्ब्रॉक्सॉल हे त्याचंच पुढचं रूप. म्हणजे सासूबाई पातेल्यात उकळतात त्याची नात नवरा मेडिकलमधून आणतो, आणि दोघं भांडतात. अडुळशात काहीतरी दम आहे हे यावरून म्हणता येतं. मात्र डांग्या खोकल्याच्या उबळी अडुळशानं कमी होतात हे त्यावरून सिद्ध होत नाही. कफ पातळ करणं वेगळं आणि जळलेलं अस्तर उगवणं वेगळं.

युरोपातही हाच खेळ आहे. तिकडच्या आज्या डांग्या खोकल्याला थाइम नावाचं झुडूप द्यायच्या, आणि जर्मनीच्या वनौषधी तपासणाऱ्या सरकारी समितीनं थाइमला ब्राँकायटिस आणि डांग्या खोकल्याच्या लक्षणांसाठी मान्यताही दिली होती. त्यातलं मुख्य द्रव्य थायमॉल. आपल्याकडे ते कुठे सापडतं? ओव्यात, आणि भरपूर. प्रयोगशाळेतल्या बशीत थायमॉल जंतू मारतं हे खरं आहे. पण जर्मन समितीची मान्यता मुख्यतः परंपरेवर आणि अशा प्रयोगशाळेतल्या गुणांवर उभी होती. थाइम आणि आयव्ही या वेलीच्या अर्कांवर रुग्णांचे चांगले प्रयोग झाले, ते साध्या ब्राँकायटिसमध्ये, आणि तिथे खोकला थोडा लवकर कमी झाला. मधाचंही तसंच. मुलांच्या साध्या, सर्दीबरोबरच्या खोकल्यात मध काहीच न देण्यापेक्षा बरा, हे 2018 च्या कॉक्रेन आढाव्यात सहा प्रयोगांतल्या 899 मुलांवरून दिसलं. त्यातला फायदा पहिल्या तीन दिवसांपुरता होता. साधी सर्दी आठ-दहा दिवसांत आवरते. तिथलं यश शंभर दिवसांच्या खोकल्याच्या खात्यावर जमा करता येत नाही. वनौषधींच्या जाहिरातींत नेमकी हीच हातचलाखी असते. ‘खोकल्यावर सिद्ध’ असं म्हणतात, कुठल्या खोकल्यावर ते सांगत नाहीत.

थोडक्यात, कुठल्याही वनस्पतीनं डांग्या खोकला लवकर आटोपतो किंवा त्याच्या उबळी कमी होतात, असं ठामपणे म्हणावं असा पुरावा नाही. अँटिबायोटिकच्या ऐवजी काढा, असा व्यवहार तर मुळीच नको. तुम्ही तो केला नाहीत हे फार चांगलं झालं.

मग लेकीचा काढा बंद करायचा का? माझं मत, भांडण होईल इतक्या जोरात नको. सात वर्षांच्या मुलीला अडुळशाच्या दोन-तीन पानांचा कोमट काढा चार चमचे, रात्री चमचाभर मध, यानं बिघडत काही नाही आणि घशाला बरं वाटतं. आजीनं शेजारी बसून काहीतरी देणं, यालाही रात्री अडीच वाजता किंमत असते. पण अटी आहेत. काढ्यात सुंठ-मिरी-पिंपळी कमी करा, तिखटानं घसा चाळवला की पुढची उबळ हमखास येते. उबळ चालू असताना तोंडात काहीही घालायचं नाही, चमचा नाही, पाणी नाही आणि बेहडाही नाही. सात वर्षांचं मूल झोपेत बेहड्याचा तुकडा तोंडात धरून आहे आणि त्याला श्वास ओढून घेणारा खोकला आहे, हे चित्र मला झोपू देणार नाही. बेहडा आजपासून बंद. घरच्या पानांवर भागवा. जांभळी नाक्याच्या बाजारात मी एकदा ‘अडुळसा पावडर’ मागितली तर दोन दुकानांत दोन रंगांच्या पुड्या मिळाल्या, एक हिरवी, एक मातकट. दोन्ही ‘खात्रीच्या’ होत्या. अडुळशाच्या वासारिष्टासारखी आसवं-अरिष्टं मुलीला नकोत, ती आंबवून बनतात आणि त्यांत मद्यार्क असतो. बिनलेबलाची भस्माची पुडी कुणी दिली तर ती परत करा. बोस्टनच्या आसपासच्या दुकानांतून घेतलेली आपल्याकडची 70 आयुर्वेदिक औषधं तपासली तेव्हा 14 मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं होतं, आणि तो अभ्यास 2004 साली छापून आला. मोरपिसाच्या राखेबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण कुणी ना कुणी सुचवेलच. नको.

पहिल्या डॉक्टरांचं सिरप उरलं असेल तर तेही ओतून टाका. 2025 मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याला खोकल्याच्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष निघालं आणि लहान मुलं मूत्रपिंडं निकामी होऊन गेली. त्यानंतर केंद्र सरकारनं पुन्हा सांगितलं की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची सिरपं द्यायची नाहीत आणि पाच वर्षांखाली सहसा नकोतच. तुमची लेक मोठी आहे, पण जे उपयोगाचं नाही ते घरात ठेवायचं तरी कशाला?

रात्रीची उबळ आली की काय करायचं, हे तुम्हाला कुणी सांगितलेलं दिसत नाही. तिला उठवून बसवा, किंचित पुढे झुकवा, एक हात कपाळाला. पाठीवर थापट्या मारू नका, त्यानं काही सुटत नाही आणि मूल घाबरतं. दहा-पंधरा खोकले एका दमात, मग तो ओढलेला श्वास, मग चिकट तार आणि उलटी. ती पुसा, दोन घोट पाणी द्या आणि मग लगेच खायला द्या. उबळ येऊन गेल्यावरचा अर्धा तास हा पोटात अन्न टिकवण्याचा सगळ्यांत चांगला वेळ असतो. मोठं ताट नको, वाटीभर मऊ भात-तूप, केळं, थोड्या थोड्या वेळानं. घरात उदबत्ती, धूप, डासांची कॉइल, फोडणीचा ठसका, सगळं महिनाभर आवरतं घ्या. आणि कॅलेंडरवर रोजच्या उबळी रेघा मारून मोजा. चार दिवसांनी रेघा कमी होताना दिसल्या की निम्मी चिंता उतरते. उबळींच्या मधल्या वेळातही धाप लागली, ताप आला, ओठ निळे पडले, झटका आला, लघवी कमी झाली किंवा मूल मलूल पडलं तर रेघा मारत बसू नका, तडक दवाखान्यात न्या. आणखी एक. बरी झाल्यावरही पुढचे काही महिने साध्या सर्दीत तिला हीच उबळ परत येऊ शकते. जंतू परतला असं समजून कुणी पुन्हा अँटिबायोटिक मागू नका.

राहून गेलेल्या डोसचं स्वतःला फार लावून घेऊ नका, तो वेळेवर घेतलेल्या मुलांनाही हा खोकला होतो, फक्त सहसा हलका होतो. बरी झाल्यावर डॉक्टरांना विचारून घ्या. सात पूर्ण झाल्यावर लहान मुलांची डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांवरची लस) नाही देत, त्याच तिन्हींवरची मोठ्यांची टीडॅप देतात.

आता सहाण. इथे मात्र मी भांडणाच्या तयारीनं आले आहे.

दोन महिन्यांच्या बाळाला मध नाही. बोटभर नाही, चाटणात नाही, ‘बालचातुर्भद्र’ चूर्ण मधातून द्यायचं असतं म्हणून नाही, सोन्याच्या अंगठीनं चाटवायचा असतो म्हणूनही नाही. मधात बॉट्युलिझमच्या जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्या माणसांच्या आतड्यांत त्यांचं काही चालत नाही, तान्ह्याच्या आतड्यांत ते रुजतात आणि त्यांच्या विषानं बाळाचे स्नायू लुळे पडतात, श्वासाचेसुद्धा. वर्ष पूर्ण होईपर्यंत नाही म्हणजे नाही. जायफळ उगाळून दिलं की बाळ शांत झोपतं, हे सासूबाईंचं निरीक्षण बरोबर आहे आणि म्हणूनच ते नको. डांग्या खोकल्यात तान्ही बाळं कधी कधी खोकतच नाहीत, श्वास घ्यायचा विसरतात. अशा बाळाला गुंगी आणायची नसते. वेखंडात बीटा-असारोन नावाचं द्रव्य असतं, प्राण्यांमध्ये त्यानं कर्करोग होतो असं दिसल्यामुळे अमेरिकेत 1968 पासून वेखंड खाद्यपदार्थांत घालायला बंदी आहे. आणि ती सहाण, तिच्यावर घासलेलं खोड, त्यावरचं पाणी, हे सगळं उकळलेलं असतं का? छातीला कापराचं तेल चोळणं नको, तान्ह्याला कापरानं झटके येऊ शकतात. शेगडीवर ओवा टाकून धुरी देणं तर नकोच नको. ओव्यात थायमॉल असेल, पण धूर तो धूरच.

बाळाला काय द्यायचं ते सोपं आहे. आईचं दूध आणि वेळेवर लस. दीड महिन्याची पेंटा झाली असेल, त्या लसीत डांग्याचा भाग असतो. पुढचा डोस दहाव्या आठवड्याचा आहे, तो एक दिवसही पुढे ढकलायचा नाही, मग बाळ त्या दिवशी आजोळी असो नाहीतर ऐरोलीत. महापालिकेच्या आरोग्य केंद्रात तो फुकट मिळतो. मग चौदावा आठवडा. जाऊबाईंनी गरोदरपणी 27 ते 36 आठवड्यांच्या दरम्यान टीडॅप घेतली होती का ते विचारा. घेतली असेल तर आईकडून आलेलं थोडं कवच बाळाला आहे. सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला बहुतेक टीडी (धनुर्वात आणि घटसर्पाची लस) देतात, त्यात डांग्याचा भाग नसतो, त्यामुळे ‘धनुर्वाताचं इंजेक्शन झालं होतं’ या उत्तरावर थांबू नका.

आणि सासूबाई. उद्या सकाळी त्यांना त्याच डॉक्टरांकडे घेऊन जा, ज्यांनी मुलीचा स्वॉब घेतला. खोकला सुरू होऊन तीन-चार आठवडे व्हायच्या आत तपासणी केली तर जंतू सापडण्याची शक्यता चांगली असते, आणि दोन आठवडे तर तुम्हीच सांगताय. डॉक्टर बहुधा रिपोर्टची वाट न बघता गोळ्या सुरू करतील, आणि घरात तान्हं येणार हे सांगितलंत तर तुमचा आणि नवऱ्याचाही विचार करतील. ज्याला ज्याला गोळ्या मिळतील त्याचे पाच दिवस पूर्ण होऊ देत, मग पाहुण्या बाळाची तारीख ठरवा.

त्यांना हे सांगायचं कसं, हा खरा प्रश्न आहे, नाही का? ‘तुमच्यामुळे बाळाला होईल’ असं वाक्य कुठल्याच घरात चांगलं ऐकलं जात नाही. मी असते तर म्हटलं असतं, ‘आई, एवढ्या रात्री तुम्ही तिच्या उशाशी बसलात, तुम्हालाही लागला असणार, आधी तुमचं बघू.’ ते खरंही आहे. काढा पाजणारीलाच तो लागतो.

जाताना त्यांच्या बीपीच्या गोळ्यांची पट्टी पिशवीत टाका आणि ज्येष्ठमधाची डबीसुद्धा. ज्येष्ठमधातल्या ग्लिसिऱ्हायझिननं अंगात पाणी-मीठ साठतं, बीपी वर जातं आणि रक्तातलं पोटॅशियम खाली येतं. बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असेल तर ते आणखी खाली येतं, आणि पोटॅशियम कमी असताना अ‍ॅझिथ्रोमायसिननं हृदयाचे ठोके चुकण्याचा धोका वाढतो. दोन आठवडे दिवसभर एक काडी गालात आहे, हे डॉक्टरांना कुणी सांगितलं नाही तर कळणार नाही, कारण सासूबाई ते औषधात धरतच नाहीत.

तुमची,
डॉक्टरकाकू